आत घे

१

उन्हाळा लागून दोन महिने झाले होते, पण ऊन काही कुणाला लागलं नव्हतं. सकाळपासून आभाळ झाकलेलं, तीनच्या सुमारास अंधारून यायचं आणि चारच्या आगेमागे पाऊस. पहिले आठ दिवस लोकांनी कौतुक केलं, पुढचे आठ दिवस नवल केलं, आणि मग एकमेकांकडे बघून नुसत्या माना हलवायला लागले. कोपऱ्यावरच्या छत्रीवाल्याने न खपलेला जुना माल बाहेर काढला आणि तो हातोहात गेला. बाकी कुणाचंच भलं झालं नाही.

धाकटीच्या घराचं तर मुळीच नाही. चौथ्या मजल्यावरचं ते घर धुण्यावर चालायचं. ती धुवायची, नवरा इस्त्री करायचा. अकरा पायऱ्या चढून गेलं की गच्ची, गच्चीवर नऊ दोऱ्या, आणि डोक्यावर फुकटचं ऊन, एवढंच त्यांचं भांडवल. त्यातलं ऊनच पळालं.

तिला धाकटी म्हणायचं कारण एवढंच, की ती लग्न होऊन आली तेव्हा घरात एक थोरली जाऊ होती. थोरली आणि दीर परदेशी निघून गेल्याला बारा वर्षं झाली. घरात आता सून म्हणून ती एकटीच, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. नवरा, गिऱ्हाइकं, दूध टाकणारा, सगळे धाकटीच म्हणायचे. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

सकाळी दहाला कपडे गच्चीवर टाकायचे, निदान वारा तरी लागू दे म्हणून. साडेतीनला धावपळ करून काढायचे आणि घरातल्या दोऱ्यांवर लटकवायचे. त्यामुळे घरात चालायचं म्हणजे वाकून चालायचं. पलंगावर नर्सबाईंचे पांढरे गणवेश, स्वयंपाकघरात पाहुण्यांच्या लॉजच्या चादरी, खिडकीत बँकेतल्या कारकुनाच्या दोन पँटी. वर टांगलेल्या मोज्यांतून आमटीत थेंब पडू नये म्हणून ती पातेल्यावर ताट झाकायची. नवरा दमट कपडे इस्त्रीनेच वाळवायचा आणि त्या खोलीतून दिवसभर वाफ निघायची. इतकं करून कपड्यांना कुबट वास यायचा तो यायचाच.

"वहिनी, कपडे धुवायला दिले होते," कारकून म्हणाला, "भिजवायला नाही."

नवरा हसला. धाकटीनेही हसायचं म्हणून ओठ ताणले. खरं सांगायचं तर तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. पावसाचा राग नाही, गिऱ्हाइकं तुटतील याची धास्ती नाही. गेल्या उन्हाळ्यात सासूबाई गेल्या तेव्हापासून तिचं असंच होतं. बधिर झालेल्या दातासारखं. हात लावला तर कळतं की दात आहे, एवढंच.

२

त्या बुधवारी कपडे वेळेवर उतरले होते. तिने गच्चीच्या दाराला कडी लावली, खाली आली आणि चादरी पिळून पुन्हा दोरीवर टाकायला लागली. पाऊस सुरू झाला. गच्चीच्या जिन्यावर पत्र्याचं छप्पर होतं, त्यावर पाऊस पडला की कानठळ्या बसायच्या. त्या आवाजातून हाक आली.

"आत घे!"

धाकटीचे हात थांबले. मग ती स्वतःशीच म्हणाली, पलीकडच्या इमारतीत कुणीतरी कुणाला ओरडत असेल. कपडे काय फक्त आमच्याच घरी वाळतात?

हे अगदी बरोबर होतं. पावसाचा पहिला थेंब पडला की जगातल्या कुठल्याही गच्चीवरून हेच ऐकू येतं. काय आत घे, ते कुणी सांगत नाही आणि सांगावंही लागत नाही.

पण या घरात त्या दोन शब्दांचा थोडा इतिहास होता. चार वर्षांपूर्वी सासूबाईंना अर्धांगाचा बारीकसा झटका येऊन गेला. हात सुधारला, पाय सुधारला, जिन्याच्या अकरा पायऱ्या त्या पुन्हा चढायला लागल्या. वाचा मात्र परत आली नाही. चाळीस वर्षं रोज जे ओरडल्या होत्या, तेवढंच जिभेला पाठ होतं आणि तेवढंच राहिलं. चहाचा कप उचलायचा असला की, "आत घे." खिडकी लावायची असली की, "आत घे." आल्यागेल्याला बस म्हणायचं असलं तरी तेच. घरातल्यांना नुसत्या सुरावरून कळायचं. नवरा म्हणायचा, "आईला दोनच शब्द येतात, पण त्यावर अख्खं घर चालवते बघ."

आताची हाकही तशीच होती. शेवटचा "घे" जरा वर चढलेला, अर्धवट तुटलेला.

"आत घे!"

धाकटीने पिळलेली चादर झटकली, दोरीवर टाकली, दोन्ही टोकं सारखी केली आणि चिमटे लावले. पुढची चादर उचलली.

३

मग ती हाक रोजचीच झाली. पाऊस सुरू झाल्यावर पाचेक मिनिटांनी यायची, पंधरावीस मिनिटं चालायची आणि बंद व्हायची. धाकटीने आपल्या परीने शोध घेतला. पाण्याच्या टाकीतला फुगा वरखाली होताना किरकिरतो, तो असेल. पन्हाळीत वारा शिरत असेल. तिने टाकीचं झाकण काढून पाहिलं, पन्हाळीत चिंधी कोंबून पाहिली. दुसऱ्या दिवशी चार वाजता हाक आलीच.

नवऱ्याला विचारावं असं तिच्या मनात येऊन गेलं. तो इस्त्रीच्या खोलीत रेडिओ लावून बसलेला असायचा. एकदा हाक चालू असतानाच ती त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. तो बाहीची घडी घालत होता.

"काय गं?" त्याने मान वर केली.

"काही नाही. काही ऐकू आलं का तुम्हाला?"

"पाऊस," तो म्हणाला. "दुसरं काय ऐकू येणार या दिवसांत?"

त्याच्या मागे, वरून, तिला स्वच्छ ऐकू आलं. त्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

एक दिवस मात्र मजाच झाली. ती बादलीत हात घालून बसली होती, डोक्यात काहीच नव्हतं, आणि हाक आल्याबरोबर तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "घेतले, आई, घेतले!"

हाक थांबली. त्या दिवशी पुन्हा आलीच नाही.

झालं, युक्ती सापडली. त्यानंतर रोज चारला धाकटी कामावरून नजर न काढता उत्तर द्यायची आणि वर शांत व्हायचं. कुकरची शिट्टी झाली की गॅस बारीक करावा, तसं.

कोरडी जागा तिला त्याच आठवड्यात दिसली. पाऊस थांबल्यावर ती गच्चीवरचं पाणी खराट्याने लोटायला गेली. सगळी गच्ची चकाकत होती. दाराबाहेर मात्र उंबऱ्याला लागून हातभर जागा कोरडी ठाक होती. वर छप्पर नव्हतं, पत्रा दाराच्या आतच संपत होता. जागा गोलसर होती, एका बाजूने सपाट. दाराला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन कुणी बसलं तर तेवढी जागा झाकेल, तेवढीच.

आणि बघा, दोन महिन्यांत तिने पहिली कोरडी जमीन पाहिली, तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की इथे चार मोजे सहज वाळतील.

दुसरा विचार आला तेव्हा तिने खराटा तिथेच टाकला आणि खाली आली.

४

जे झालं ते आता सांगायलाच हवं. धाकटीने कुणाला सांगितलं नव्हतं म्हणून काय झालं.

गेल्या उन्हाळ्यात असा रोजचा पाऊस नव्हता. एकच दिवस अचानक आभाळ भरून आलं. नवरा इस्त्रीचे कपडे पोचवायला बाहेर गेला होता. लॉजच्या चादरी दोऱ्यांवर होत्या, ओळीने बारा. धाकटी धावत वर गेली, चादरी ओढल्या, दोन्ही हातांत हा एवढा गठ्ठा, समोरचंसुद्धा दिसत नव्हतं. ती आत आली आणि वाऱ्याने दार आपटू नये म्हणून कोपराने कडी सरकवली.

सासूबाई आधीच वर गेल्या होत्या. टाकीच्या मागच्या दोरीवरचे रुमाल आणि पायपुसणी काढत होत्या. चादरींच्या पलीकडे त्या तिला दिसल्या नाहीत.

खाली आल्यावर हाक ऐकू आली. "आत घे!"

"घेतले, आई!" धाकटी ओरडली. तिला वाटलं, सासूबाई आपल्या खोलीतून ओरडताहेत.

थोड्या वेळाने पुन्हा. "घेतले, घेतले!" चादरींना चिखल लागला होता, त्या परत धुवायला टाकायच्या होत्या, तिचा जीव मेटाकुटीला आला होता. तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा ती चक्क खेकसली, "अहो घेतले ना! किती वेळा सांगू?"

त्यानंतर हाक आली नाही. धाकटीला तेव्हा बरंच वाटलं होतं. हे बरं वाटणं तिला पुढे कधी विसरता आलं नाही.

पाऊस गेल्यावर तिने कडी काढली तेव्हा सासूबाई दाराला टेकूनच बसल्या होत्या. मांडीवर ओल्या रुमालांची नीट रचलेली चवड होती. अंग गारठलं होतं, दात वाजत होते. सहा दिवस तापात होत्या. धाकटी समोर दिसली की तिच्याकडे बघत म्हणायच्या, "आत घे." नवरा त्यांचा हात पांघरुणाच्या आत घालायचा. "घेतला, आई, घेतला." सातव्या दिवशी संपलं.

दार कसं बंद झालं, असं नवऱ्याने विचारलं होतं. धाकटी म्हणाली, "फुगलं होतं. माझ्याकडूनही निघत नव्हतं."

हे एवढंच. पाच शब्दांचं खोटं. पण सासूबाई आधीचं वर्षभर त्या दाराकडे बोट दाखवायच्या, आणि नवरा "अडकत असेल, बघू, सुताराला बोलावू" म्हणायचा. ते पाच शब्द त्याच्या वर्मी लागले. दिवसकार्य झाल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे सुताराला आणलं. सुताराने दाराच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "साहेब, घासल्याची खूण तर कुठेच नाही." नवरा म्हणाला, "तू रंधा मार." सुताराने मारला. तेव्हापासून दर रविवारी सकाळी नवरा एक मेणबत्ती घेऊन वर जायचा आणि दाराच्या चारही कडांना घासायचा, दार पुन्हा कधी अडकू नये म्हणून. वर्षभर. एक रविवार चुकला नाही.

धाकटी खालून तो घासण्याचा आवाज ऐकायची. दर रविवारी तिला वाटायचं, आज सांगून टाकू. त्याच्या छातीवरचा धोंडा खरं तर आपला आहे, तो आपण उचलून घेऊ. मग आवाज थांबायचा, तो मेणाचे हात धुवायला खाली यायचा, आणि ती त्याला टॉवेल द्यायची.

५

नर्सबाई दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. रात्रपाळी करून यायच्या आणि दुपारभर झोपायच्या. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी धाकटी त्यांचे गणवेश द्यायला गेली.

"वास मारताहेत का?" तिने विचारलं.

"मारू देत. माझे पेशंट कुठे नाक धरण्याच्या अवस्थेत असतात?" नर्सबाईंनी कपडे घेतले आणि दारातच थांबल्या. "एक विचारू का? रागवू नकोस. रोज चारला तू कोणाशी बोलतेस गं?"

"मी?"

"जिन्यातून आवाज येतो ना. 'घेतले, आई, घेतले.' झोप मोडते माझी. परवा तर मला वाटलं, मी गेल्या वर्षातच आहे."

धाकटीने टोपली या काखेतून त्या काखेत घेतली. "सवय राहिलीय तोंडाला."

"राहणारच. इतक्या वर्षांची." नर्सबाईंचा आवाज खाली आला. "खरं सांगू? मला त्या दिवसाचं अजून लागून राहिलंय. मी घरात होते. त्या ओरडत होत्या ते मला ऐकू येत होतं. आत घे, आत घे. अधूनमधून, पाऊण तास तरी. मी कूस बदलली आणि म्हटलं, आज यांच्याकडे कपडे फारच दिसताहेत. मी नर्स असून!"

"दार फुगलं होतं," धाकटी म्हणाली.

"हो, कळलं नंतर. तुला नाही का ऐकू आलं?"

"मोरीत नळ चालू होता."

नर्सबाईंनी मान हलवली. बिचाऱ्यांना तेवढं पुरलं. धाकटी जिना चढायला लागली. आपल्याला धक्का बसायला हवा होता, हे तिला समजत होतं. हाक त्यांना ऐकू येत नाही, उत्तर येतं. म्हणजे उत्तर खरं आहे. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिच्या डोक्यात एवढाच हिशेब झाला, आणि मग कारकुनाच्या पँटी आठवल्या.

६

शनिवारी पावसाने घाई केली. साडेतीनलाच टपोरे थेंब आले. धाकटी मोरीतून उठून तशीच वर पळाली, दोऱ्यांवरून कपडे ओरबाडले, टोपलीत कोंबले, आत आली, कडी सरकवली आणि खाली उतरली. इस्त्रीच्या खोलीत रेडिओवर कुणीतरी शेतीमालाचे भाव वाचत होतं. ती घरातल्या दोऱ्यांशी झगडायला लागली.

"आत घे!"

"घेतले, आई, घेतले!"

ती पुढचा चिमटा शोधू लागली. रोज या उत्तरावर वर गप्प होत असे.

"आत घे!"

आजचा सूर वेगळा होता. रोज त्यात एक चिकाटी असायची, मागणाऱ्या माणसाची. आज घाई होती. कुणी वाटेत उभ्या असलेल्या पोराकडे बोट दाखवून ओरडावं, तशी.

"घेतले म्हटलं ना!" तिने आवाज चढवला.

"आत घे! आत घे!"

"अहो घेतले ना! किती वेळा सांगू?" धाकटी खेकसली, आणि स्वतःचंच वाक्य ओळखून जागच्या जागी थांबली.

हात पुसत ती इस्त्रीच्या खोलीच्या दारात गेली. टेबलावर अर्धा सदरा पसरलेला होता. इस्त्री उभी करून ठेवलेली, वायर काढलेली. रेडिओ बोलत होता. खुर्ची रिकामी होती. खुंटीवरचा सुतळीचा गुंडा जागेवर नव्हता. सकाळी तो म्हणाला होता, टाकीमागची ताडपत्री सुटलीय, बांधायला हवी.

टाकीमागची.

अकरा पायऱ्या ती कशी चढली ते तिला कळलं नाही. भिंतीवरचं घड्याळ जाताजाता दिसलं होतं, सव्वाचार. म्हणजे पाऊण तास. कडी काढताना तिची बोटं दोनदा घसरली. दार आत ओढलं तसा तो पाठीवर कलंडतच आत आला. दाराला टेकून बसला होता, गुडघे पोटाशी घेऊन.

बाहेर पाऊस असा पडत होता, की समोरच्या दोऱ्याही दिसत नव्हत्या. धाकटी दारात उभी होती तेवढ्यात कमरेपर्यंत भिजली.

तो कोरडा होता.

७

तिने त्याचे केस चाचपले. सदरा चाचपला. कोरडा, आणि पाठीमागून ऊबदार, नुकतीच इस्त्री फिरवल्यासारखा. पायांतल्या चपलासुद्धा कोरड्या. सुतळीचा गुंडा त्याच्या मुठीत होता.

"मला हाक का नाही मारलीत?" ती म्हणाली.

"मारणार होतो." तो सावकाश उठून पायरीवर बसला. झोपेतून उठल्यासारखा बोलत होता. "दार बंद दिसलं. म्हटलं, वाजवू. पण म्हटलं जरा टेकू. टेकलो तर बरं वाटलं. लहानपणी तापात वाटायचं तसं. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही, धाकटे."

पत्र्यावर पाऊस कोसळत होता.

"तू उत्तर कोणाला देत होतीस?" त्याने विचारलं.

तिने साडीचा भिजलेला काठ पिळला.

"'घेतले, आई, घेतले' म्हणालीस. मग चिडलीस. मग 'किती वेळा सांगू' म्हणालीस. दाराला कान लावला की खालचं सगळं ऐकू येतं, मला माहीत नव्हतं." त्याने हात लांब करून दाराच्या कडेवरून अंगठा फिरवला, सुताराने फिरवला होता तसा. वर्षभराचं मेण होतं तिथे, गुळगुळीत. अंगठा कडीपाशी आला आणि थांबला. "आज कडी लागली होती."

"चुकून. घाईत."

"हो. घाईत होतं असं." बराच वेळ तो कडीकडे बघत राहिला. मग त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात रागाचा लवलेश नव्हता. एखादं जड सामान कुणी हातातून घेईल का, अशा आशेने माणूस बघतो तसा बघत होता. "त्या दिवशी दार फुगलंच होतं ना गं?"

आत्ता. वर्षभर जे रविवार आले आणि गेले, ते सगळे मिळून त्या एका पायरीवर येऊन बसले होते. नुसतं नाही म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलंही. उघड्या दारातून बाहेरची हातभर जागा तिला दिसत होती. एवढ्या पावसात ती तशीच होती, कोरडी. तिथून कुणीतरी तिच्या उत्तराची वाट बघत होतं, याची तिला स्वतःच्या हातापायांइतकी खात्री होती.

"हो," धाकटी म्हणाली. "फुगलं होतं."

त्याने मान डोलावली. "मग ठीक आहे," म्हणाला, आणि गुडघ्यांवर हात टेकून उठला. खाली गेल्यावर त्याने रेडिओ बंद केला.

८

रविवारी सकाळी ती घासण्याच्या आवाजाची वाट बघत होती. नऊ वाजले, दहा वाजले. नवरा उठला, दाढी केली, इस्त्री तापवायला लावली. धाकटी केर भरायला गेली तेव्हा कचऱ्याच्या डब्यात तिला मेणबत्ती दिसली. अर्धी झिजलेली, वर चहाची पत्ती सांडलेली.

ती डब्यापाशी उभी राहिली. आणि वर्षभरात पहिल्यांदा बधिर दात ठणकला. त्याला कळलं होतं. कळूनही त्याने तिला विचारलं होतं, म्हणजे तिला सांगता यावं म्हणून. सांगायचं होतं तेव्हा आपण थापच मारली. ठणका थांबेना, आणि तो जाणवतोय याचं तिला इतकं बरं वाटलं की तिथेच रडू फुटेल की काय असं झालं. आज सांगायचंच. कपडे आत घेतले, की चहा टाकायचा, त्याच्यासमोर बसायचं आणि पहिल्यापासून सांगायचं. तो काय म्हणेल ते म्हणू दे.

साडेतीनला ती टोपली घेऊन वर गेली. इस्त्रीच्या खोलीत रेडिओ चालू होता. जाताना तिने दारातून आत पाहिलं. त्याची पाठ दिसली.

"कपडे घेऊन येते," ती म्हणाली. "मग बसू जरा. मला बोलायचंय."

"हं," तो म्हणाला.

चादरी तिने आधी काढल्या, नीट घड्या करून. आज घाई नव्हती. मग ती टाकीमागे गेली. तिथल्या दोरीवर काही टाकल्याचं तिला आठवत नव्हतं, तरी चार रुमाल आणि दोन पायपुसणी होती. ती काढून चवड रचेपर्यंत पाऊस आला. टोपली काखेला मारून ती दाराकडे वळली.

दार लागलेलं होतं.

ती पोचते तोच आतून कडी सरकली. दिसली नाही, पण आवाज ओळखीचा होता. सफाईने, एका दमात, कोपराने सरकवावी तशी.

"अहो!" तिने दारावर थाप मारली. रंधा मारलेलं, मेण घासलेलं दार, त्याने काहीच दाद दिली नाही. "अहो, दार! मी बाहेर आहे! दार उघडा!"

पत्र्यावर पाऊस तडतडत होता. तिचे शब्द तिलाच पुरते ऐकू येत नव्हते. तिने दोन्ही मुठी आपटल्या, घसा फोडून ओरडली, "मला आत घ्या! आत घ्या!"

मग तिने दाराला कान लावला. तो म्हणाला होता ते खरं होतं. खालचं सगळं ऐकू येत होतं. रेडिओ. इस्त्री टेबलावर ठेवल्याचा आवाज. आणि नवऱ्याचं उत्तर, कामावरून नजर न काढता दिलेलं, थोडं कंटाळलेलं.

"घेतले, घेतले!"

धाकटीने काखेतल्या टोपलीकडे पाहिलं. सगळे कपडे तिच्यापाशीच होते.

ती आणखी दोनदा ओरडली. दोन्ही वेळा उत्तर आलं. पाणी तिच्या मानेवरून पाठीत उतरत होतं. तिसऱ्यांदा ओरडायला तिने श्वास घेतला, आणि खाली नजर गेली तर उंबऱ्याला लागून ती जागा होती. कालच्यापेक्षा बरीच रुंद. कुणीतरी सरकून घेतलं की होते तेवढी.

तिने आधी टोपली ठेवली. मग दाराला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन, कडेला अंग चोरून बसली. जमीन ऊबदार होती. समोर पाऊस पडत राहिला, आणि तिच्या शेजारची उरलेली अर्धी जागाही कोरडीच राहिली.